वॉर्डात शिकवायचं कसं? नागपुरातल्या नव्या क्लिनिकल इन्स्ट्रक्टरांसाठी

नर्सिंग कॉलेजात क्लिनिकल इन्स्ट्रक्टर (वॉर्डात पेशंटपाशी विद्यार्थ्यांना शिकवणारे) म्हणून रुजू झालात की पहिल्याच आठवड्यात हातात तीन गोष्टी पडतात: रोटेशन प्लॅन (कोणती बॅच कधी कोणत्या वॉर्डात), हजेरीचं रजिस्टर आणि मुलामुलींची यादी. वॉर्डात उभं राहून शिकवायचं कसं, हे त्या फाइलीत कुठेच नसतं. चांगली स्टाफ नर्स चांगलं शिकवणारच, असं सगळे धरून चालतात आणि तिथेच घोळ होतो. सलाईन लावणं तुमच्या हाताच्या इतकं अंगवळणी पडलेलं असतं की त्यातल्या पायऱ्या आता तुमच्याच लक्षात येत नाहीत. विद्यार्थ्याला नेमक्या त्याच पायऱ्या हव्या असतात.

मी नागपुरात हे काम करत आले आहे आणि आता नव्याने येणाऱ्या इन्स्ट्रक्टरांना तयार करण्याचं कामही माझ्याकडे असतं. घाबरलेला इन्स्ट्रक्टर मला लांबूनच ओळखू येतो. एक तर तो सगळं स्वतःच करतो आणि विद्यार्थ्यांना फक्त त्याची पाठ दिसते, नाही तर नर्सिंग स्टेशनला बसून फायली तपासत राहतो आणि बेडपाशी जातच नाही. दोन्हीमागे भीती तीच. कोणी काही विचारलं आणि आलं नाही तर? इन्चार्ज सिस्टर सगळ्यांसमोर बोलल्या तर? पेशंटला काही झालं तर? त्यात बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिक (डिप्लोमानंतरची पदवी) करून वर्षभराचा अनुभव असला की ट्यूटर (या कामाचं पद) होता येतं. म्हणजे चौथ्या वर्षाच्या मुलींपेक्षा तुम्ही जेमतेम दोन-चार वर्षांनी मोठ्या असता. पाय लटपटले तर त्यात लाजण्यासारखं काही नाही.

"जरा कॉन्फिडन्स ठेव" असं सांगून कॉन्फिडन्स आलेला मी अजून पाहिला नाही. एक छोटी गोष्ट नीट तयारी करून शिकवली, कोणीतरी ती पाहिली, जमल्याचं सांगितलं, की तो येतो. मग दुसरी गोष्ट. पुढचं सगळं त्याच हिशेबाने लिहिलं आहे.

१. आधी कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, पण कागद नसले तर गेटवरच अडाल.

तुमचे स्वतःचे: नेमणुकीचा आदेश, महाराष्ट्र परिचर्या परिषदेचं नोंदणी प्रमाणपत्र (मुदत संपलेली नाही ना, ते आजच बघा), नर्सेसच्या राष्ट्रीय नोंदवहीतला तुमचा एनयूआयडी क्रमांक, कॉलेजचं ओळखपत्र, हिपॅटायटिस बी लसीच्या तिन्ही डोसांची नोंद.

पोस्टिंगचे (बॅचला एका वॉर्डात ठरवून दिलेल्या दिवसांचे): रुग्णालयाचं परवानगीपत्र, मास्टर रोटेशन प्लॅन आणि त्यातून काढलेला तुमच्या बॅचचा क्लिनिकल रोटेशन प्लॅन, त्या वॉर्डाची उद्दिष्टं, हजेरी, लॉगबुक (विद्यार्थ्याने केलेल्या कामांची नोंदवही), प्रोसिजरच्या चेकलिस्टा, अॅनेक्डोटल रेकॉर्डची (विद्यार्थ्यांबद्दलच्या घटना टिपायची) वही.

खिशात: सेकंदकाटा असलेलं घड्याळ, टॉर्च, कात्री, मोजपट्टी, हँडरब आणि एक छोटी डायरी. ही डायरी कोणाला दाखवायची नाही. तिचं काम पुढे येईल.

परवानगीपत्राची एक प्रत अधिसेविकांच्या (मेट्रनच्या) कार्यालयात पोचली की नाही, हे स्वतः जाऊन विचारा. कॉलेजने पाठवलं आणि वॉर्डाला पत्ताच नाही, हे नेहमीचं आहे. मेडिकल आणि मेयोसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत एकाच वॉर्डात दोन-तीन कॉलेजांच्या बॅचा एकत्र येतात. कोणाचे दिवस कोणते, हे कागदावर स्पष्ट नसेल तर आठ बेडच्या कोपऱ्यात पंचवीस विद्यार्थी उभे राहतात आणि सिस्टर सगळ्यांनाच बाहेर काढतात. त्यांची चूक नसते.

भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या बी.एस्सी. अभ्यासक्रमातला एक हिशेब पाठ करून ठेवा: थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे २० तास, लॅबचं ४०, क्लिनिकलचं ८०. अॅडल्ट हेल्थ (मोठ्या माणसांची शुश्रूषा) या विषयाच्या पहिल्या भागाला क्लिनिकलची ६ क्रेडिटं आहेत, म्हणजे ४८० तास. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते, पण पदवी हातात पडण्याआधी प्रत्येक क्लिनिकल विभागाची हजेरी शंभर टक्के भरावी लागते. बुडालेले दिवस भरून घ्यायचं काम शेवटी तुमच्याच गळ्यात येतं, म्हणून हजेरी रोजच्या रोज टाका.

२. विद्यार्थी येण्याआधी वॉर्ड एकट्याने बघा

पोस्टिंग सुरू होण्याच्या दोन-तीन दिवस आधी त्या वॉर्डात जा, आणि शक्यतो सकाळच्या हँडओव्हरला (एक पाळी दुसरीला पेशंट समजावून देते तेव्हा) जा. क्रॅश कार्ट (आणीबाणीच्या औषधांची ट्रॉली) कुठे आहे, ऑक्सिजनचा पॉइंट कुठला चालतो, कचऱ्याच्या पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि निळ्या बादल्या नेमक्या कुठे ठेवल्या आहेत, हात धुवायला साबण कुठल्या बेसिनला असतो, औषधांच्या वेळा काय आहेत, सगळं डायरीत लिहा. या वॉर्डात तुम्ही पूर्वी नोकरी केली असली तरी जा. सहा महिन्यांत वॉर्ड बदलतो.

मग इन्चार्ज सिस्टरना भेटा. या एका भेटीवर पुढचे चार आठवडे अवलंबून असतात. "सिस्टर, सोमवारपासून माझी दुसऱ्या वर्षाची बॅच आहे, दहा मुलं. त्यांच्याकडून कोणती कामं करून घेतलेली चालतील आणि कोणत्या गोष्टींना हात लावायचा नाही, ते तुम्ही सांगा." असं विचारलंत की अर्धी लढाई तिथेच जिंकलात. साठ पेशंट आणि तीन सिस्टर, असा वॉर्ड चालवणाऱ्या बाईला विद्यार्थी हा आधी ताप वाटतो. बी.पी., टेंपरेचर, इनटेक-आउटपुट तुमची मुलं वेळेवर आणि खरं लिहितात, हे तिला चार दिवस दिसलं की पाचव्या दिवशी ती स्वतः हाक मारते, "मॅडम, ड्रेसिंग आहे, मुलींना दाखवता का?"

मावशी आणि मामा लोकांनाही नावाने ओळखा. स्क्रीन आणि ट्रॉली कुठे मिळते, हे वॉर्डात फक्त त्यांनाच माहीत असतं.

सावध: कॉलेजची बस. हिंगणा, कामठी किंवा वर्धा रोडकडून येणारी बस साडेआठला पोचते आणि आठचा हँडओव्हर कधीच संपलेला असतो. हँडओव्हर न ऐकलेला विद्यार्थी दिवसभर आंधळेपणाने फिरतो. बसची वेळ बदलत नसेल तर तुम्ही स्वतः आठला वॉर्डात पोचा, हँडओव्हर ऐका आणि मुलं आल्यावर त्यांच्या वाट्याच्या पेशंटचा हँडओव्हर तुम्ही द्या. तोंडी कसं सांगायचं, हेही त्यांना त्यातून ऐकायला मिळतं.

३. दिवसाला एकच उद्दिष्ट

नवीन माणूस उद्दिष्टांच्या कागदावर लिहितो: "विद्यार्थी पेशंटची सर्वांगीण शुश्रूषा करतील." संध्याकाळी कोणालाच सांगता येत नाही की ते झालं की नाही. त्याऐवजी लिहा: "आज प्रत्येक विद्यार्थी एका पेशंटचा ड्रिप रेट काढेल आणि घड्याळ लावून तो तपासेल." झालं की नाही, हे तुम्हाला दुपारी बाराला कळतं.

सकाळच्या प्री-कॉन्फरन्सला (काम सुरू करण्याआधीच्या बैठकीला) पंधरा मिनिटं पुरतात. त्यात कोण कोणाचा पेशंट घेणार, आजचं उद्दिष्ट काय, आणि आज कोणती गोष्ट तुम्ही सोबत असल्याशिवाय करायची नाही, एवढंच सांगा. ड्रिप रेटचं गणित घालायचं तर तिथेच घाला: ५०० मिली सलाईन सहा तासांत द्यायचं, सेट वीस थेंबांचा. ५०० गुणिले २०, भागिले ३६० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण २८ थेंब. आणि गणिताआधी सेटच्या पाकिटावर एका मिलीला किती थेंब लिहिले आहेत, ते वाचायला लावा. सगळे सेट वीसचे नसतात.

कागदोपत्री दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असतो. प्रत्यक्षात तुमच्याकडे पंधरा असू शकतात. सगळ्यांवर एकाच वेळी नजर ठेवायला जाल तर कोणालाच काही मिळणार नाही. त्या दिवशी दोघांना तुमच्या नजरेखाली प्रोसिजर करू द्या, बाकीच्यांना ऐकणं, मोजणं, लिहिणं अशी निर्धोक कामं द्या. उद्या दुसरे दोघं. कोणाची पाळी कधी झाली, ते डायरीत टिपा. तसं केलं नाही तर पुढे पुढे करणाऱ्या त्याच चार मुलींना रोज संधी मिळते आणि मागे उभं राहणारा मुलगा तीन वर्षं मागेच उभा राहतो.

४. हातातलं कौशल्य: चार फेऱ्या

प्रोसिजर शिकवायला मी पेटन या सर्जनांची चार पायऱ्यांची पद्धत वापरते. आधी स्किल लॅबमध्ये, मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर). रायल्स ट्यूबचं (नाकातून पोटात घालायच्या नळीचं) उदाहरण घेऊ.

पहिली फेरी: तुम्ही नेहमीच्या वेगाने, एक शब्द न बोलता करता. हे नव्या इन्स्ट्रक्टरांना फार अवघड जातं, तोंड आपोआप सुरू होतं. बंद ठेवा. पूर्ण काम कसं दिसतं, ते त्यांना एकदा सलग बघू द्या.

दुसरी फेरी: हळू, प्रत्येक पायरी सांगत. "आता मी नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत ट्यूब मोजते आहे, कारण..." या 'कारण'साठीच दुसरी फेरी असते.

तिसरी फेरी: विद्यार्थी सांगतो, तुम्ही करता. त्याने चुकीची पायरी सांगितली की हात थांबवा आणि त्याच्याकडे बघा. बहुतेक वेळा तो स्वतःच दुरुस्त करतो. वेळ वाचवायला लोक नेमकी हीच फेरी गाळतात. माझ्या मते चारांत सर्वांत जास्त शिकणं इथेच होतं, कारण त्याच्या डोक्यात काय चाललं आहे, ते तुम्हाला ऐकू येतं आणि पेशंटला किंवा मॅनिकिनला धोका काहीच नसतो.

चौथी फेरी: तो सांगत सांगत स्वतः करतो.

यात एक पेच हमखास येतो. तुम्ही लॅबमध्ये शिकवलं की ट्यूब पोटात आहे का, हे बघायला बाहेर काढलेल्या द्रवाचा पीएच तपासायचा, तो ५.५ किंवा त्याहून कमी हवा, शंका असेल तर एक्स-रे. वॉर्डात मात्र सिरिंजने हवा ढकलून स्टेथोस्कोपने आवाज ऐकतात आणि फीड (नळीतून द्यायचं पातळ अन्न) सुरू करतात. विद्यार्थिनी तुमच्या कानाशी येऊन म्हणते, "मॅडम, इथे तर असंच करतात." तिथे सिस्टरची चूक काढू नका, आणि "इथे असंच चालतं" असंही म्हणू नका. "याबद्दल पोस्ट-कॉन्फरन्सला बोलू" एवढं म्हणा आणि काम संपल्यावरच्या त्या चर्चेत खरंच बोला: हवेचा आवाज ट्यूब फुप्फुसाकडे गेली तरी ऐकू येऊ शकतो, म्हणून त्यावर भिस्त ठेवायची नाही. तुमच्या विद्यार्थ्याच्या हातून फीड जाणार असेल तर मात्र पोस्ट-कॉन्फरन्सची वाट बघायची नाही, तपासणी आधी झालीच पाहिजे. सिस्टरशी बोलायचं ते बाजूला घेऊन, विचारण्याच्या सुरात.

५. बेडपाशी प्रश्न विचारणं

सगळ्या लेखातला हा भाग नीट वाचा. क्लिनिकल टीचिंगचा जीव प्रश्नात आहे आणि आपण शिकलो ते प्रश्न विचारून अपमान करण्याच्या शाळेत. "पोटॅशियमची नॉर्मल व्हॅल्यू सांग. नाही येत? काय शिकलीस मग तू?" आजूबाजूला पाच पेशंट, त्यांचे नातेवाईक. ती मुलगी पोटॅशियमची व्हॅल्यू आयुष्यभर विसरत नाही, हे खरं. पण पेशंटमध्ये काही वेगळं दिसलं तरी ती तुम्हाला सांगायला येणार नाही, हेही तितकंच खरं.

वर्दळीच्या वॉर्डात सर्वांत कामाची पद्धत म्हणजे 'वन मिनिट प्रिसेप्टर'. अमेरिकेतल्या फॅमिली मेडिसिनच्या शिक्षकांनी १९९२ मध्ये ती मांडली. पाच छोट्या कृती आहेत. उदाहरणाने सांगते.

पोटाचं ऑपरेशन होऊन एक दिवस झालेला पेशंट. विद्यार्थिनी चार्ट घेऊन येते.

"तुला काय वाटतं, काय चाललंय?"

"मॅडम, लघवी कमी होऊन राहिली."

ही पहिली कृती: तिला स्वतःचं मत मांडायला लावायचं. चूक का असेना, मत तिचं हवं.

"कशावरून म्हणतेस?"

"चार तासांत ८० मिली आहे बॅगमध्ये."

"किती व्हायला हवी होती?"

इथे ती गप्प होते. तुम्हीही गप्प राहा. मनात पाच आकडे मोजा. नव्या इन्स्ट्रक्टरला ही शांतता सहन होत नाही, तो दुसऱ्या सेकंदाला स्वतःच उत्तर देऊन टाकतो आणि मुलांनाही कळून चुकतं की गप्प बसलं की काम भागतं. पाच मोजूनही उत्तर आलं नाही, तर प्रश्न लहान करा: "पेशंटचं वजन किती?" "साठ किलो." ही झाली दुसरी कृती: तिच्या मताचा आधार काय, ते चाचपणं.

तिसरी कृती, एक नियम द्या. एकच. "मोठ्या माणसाला तासाला किलोमागे निदान अर्धा मिली लघवी व्हायला हवी. साठ किलोला तीस मिली. चार तासांचे १२०. आपल्याकडे ८० आहे." मूत्रपिंडाचं अख्खं शरीरशास्त्र इथे सांगत बसू नका.

चौथी: काय बरोबर केलं, ते नेमकं सांगा. "बॅगमधलं स्वतः मोजून आलीस, चार्टवरचा जुना आकडा उतरवला नाहीस. हे चांगलं केलंस."

पाचवी: काय चुकलं आणि पुढच्या वेळी काय करायचं. "पण आकडा कमी दिसल्यावर तू आधी बाजूच्या बेडचं टेंपरेचर घ्यायला गेलीस. आता काय करायचं? नळी कुठे दुमडली आहे का, बॅग खाली लटकते आहे का, बघ. पल्स आणि बी.पी. परत घे. मग दोघी मिळून सिस्टरना सांगू."

एवढ्याला दोन मिनिटंही लागत नाहीत. वॉर्ड थांबत नाही, पेशंटचा फायदा होतो आणि मुलगी रडत नाही.

पेशंटसमोर बोलायचं नसतं ते दाराबाहेर बोला. निदान, एचआयव्ही, कॅन्सर, घरातली भांडणं, काहीच बेडपाशी नाही. आणि पेशंटची परवानगी आधी घ्या, त्याच्या बोलीत. आपल्याकडे गडचिरोली-गोंदियापासून थेट बालाघाट, छिंदवाड्यापर्यंतची माणसं येतात. कोणी वऱ्हाडी बोलतं, कोणी हिंदी, कोणी गोंडी. "आजी, ही आमची विद्यार्थिनी आहे, मी सोबत उभी आहे, हिने तुमचं बी.पी. घेतलं तर चालेल का?" आणि आजी म्हणाल्या, "मले आता कोनी हात लावू नका वो बाई, सकाळपासून चौघी जनी येऊन गेल्या," तर 'बरं आजी' म्हणून पुढे जा. नकार कसा स्वीकारायचा, हे मुलांना बघायला मिळालं, तेही शिक्षणच आहे.

६. चूक होताना आणि झाल्यावर

पोस्टिंगच्या पहिल्याच दिवशी बॅचशी एक शब्द ठरवून घ्या. आमच्याकडे तो 'थांब' आहे. मी थांब म्हटलं की हात जिथे आहे तिथे थांबवायचा, प्रश्न विचारायचा नाही, मागे व्हायचं, मी पुढचं करते. का थांबवलं, ते नंतर बाहेर. पेशंटला धोका असेल तेव्हाच हा शब्द वापरा. उठसूट वापरला तर त्याची धार जाते.

धोका नसेल तर? ग्लोव्ह घालताना हात अडखळतोय, पट्टी तिरकी चिकटली. ओठ मिटून घ्या. तुमचा हात आपोआप पुढे जातो, तो पाठीमागे बांधून ठेवा. खरंच सांगते, शिकवायच्या कामात हेच सगळ्यांत कठीण आहे.

सुई टोचली तर काय करायचं, हे पोस्टिंगच्या आधीच सांगून ठेवा, कारण मुली घाबरून लपवतात. जागा साबण-पाण्याने धुवायची, पिळायची नाही, तोंडात धरायची नाही. लगेच तुम्हाला आणि इन्चार्ज सिस्टरना सांगायचं. एचआयव्हीसाठीचं प्रतिबंधक औषध लागणार असेल तर पहिला डोस शक्यतो दोन तासांत सुरू व्हावा, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग धरत नाहीत, आणि कोर्स २८ दिवसांचा असतो. म्हणून 'सुट्टी झाल्यावर सांगू' चालत नाही. त्या रुग्णालयात हे औषध रात्री आणि रविवारी कुठे मिळतं, ते दुसऱ्या भागातल्या वॉर्डभेटीतच विचारून ठेवा. आणि सांगायला आलेल्या मुलीला "टोपण लावायला कोणी सांगितलं होतं?" असं पहिलं वाक्य ऐकवू नका. ते नंतर.

मोबाइलचंही आधीच बजावा. वॉर्डातला फोटो, रील, एक्स-रेचा स्टेटस, काहीही नाही. मागे कोणाचा तरी चेहरा किंवा केसपेपर आलेला असतोच.

७. पोस्ट-कॉन्फरन्स: आपल्याच वॉर्डातले पेशंट

अर्धा तास, शक्यतो बसून. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना कॉरिडॉरमध्ये उभं राहून कोणी शिकत नाही. सेमिनार रूम किंवा ओपीडीची रिकामी खोली आधी मागून ठेवा.

विषय शोधायला लांब जाऊ नका. विदर्भात सिकलसेल (रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होणारा आनुवंशिक आजार) आहे, तो पुण्या-मुंबईच्या मुलांना क्वचित दिसतो, आपल्याला रोज. क्रायसिसमध्ये (त्या आजारातल्या तीव्र वेदनांच्या झटक्यात) आलेला एकोणीस वर्षांचा मुलगा कळवळत असतो आणि वॉर्डात कोणीतरी म्हणतं, "हा नेहमीचाच आहे, इंजेक्शनसाठी येतो." तिथून चर्चा सुरू करा. वेदना मोजायची कशी, तो सांगतो तो आकडा लिहायचा की आपल्याला वाटतो तो, पाणी, ऑक्सिजन, अंग उबदार ठेवणं आणि वेदनाशामक वेळेवर देणं का महत्त्वाचं. एका पेशंटवर अर्धा तास सहज जातो.

उन्हाळ्यात उष्माघाताचे पेशंट येतात, त्यांच्यासाठी वेगळे थंड कक्ष तयार होतात. ताप ४० अंश सेल्सिअसच्या वर, माणूस बरळतोय, आणि विद्यार्थी विचारतो, "पॅरासिटामॉल द्यायची का?" उष्माघातात ती काम करत नाही, शरीर बाहेरून थंड करावं लागतं. का, ते त्यांच्याकडूनच काढून घ्या. पावसाळ्यानंतर स्क्रब टायफस, म्हणजे बारीक किडा चावून येणारा ताप. २०१८ मध्ये नागपूर विभागात त्याची मोठी साथ आली होती. काखेत, जांघेत, स्तनाखाली किडा चावल्या जागची काळी खपली शोधायची असते, आणि स्पंज बाथ मनापासून देणारी विद्यार्थिनीच ती सगळ्यांच्या आधी बघू शकते. स्पंज बाथला 'साधं काम' समजणाऱ्या बॅचला हे एकदा ऐकवाच.

८. फीडबॅक आणि लॉगबुक

"छान, अजून प्रयत्न कर" हा फीडबॅक नाही. तुम्ही डोळ्यांनी काय पाहिलं, ते सांगा. "कॅथेटर केअर देताना स्क्रीन लावली, पेशंटशी बोलत होतीस. पण ग्लोव्ह काढल्यावर हात न धुता चार्ट उचललास." तिने आधी स्वतः काय वाटलं ते सांगावं, मग तुम्ही. त्याच दिवशी, एकांतात, आणि एका वेळी एकच सुधारणा.

लॉगबुकवर सही करताना हात आखडता ठेवा. पोस्टिंगच्या शेवटच्या दिवशी तीस वह्यांचा गठ्ठा येतो आणि "मॅडम, फक्त सही राहिली" असं म्हणतात. पाहिल्याशिवाय सही नाही, हा नियम पहिल्या दिवशी सांगितला तर कोणी रागावत नाही. शेवटच्या दिवशी सांगितलात तर सगळे रागावतात. नव्या अभ्यासक्रमात ओएससीई पद्धतीने (एकेका स्टेशनवर एकेक कौशल्य चेकलिस्टने बघत) तपासणी असते, तेव्हा तीच चेकलिस्ट वॉर्डातही वापरा, म्हणजे परीक्षेला नवं काही वाटणार नाही.

अॅनेक्डोटल रेकॉर्डमध्ये घटना लिहा, शेरे नकोत. 'आळशी आहे' असं नाही. 'दहाचं बी.पी. न घेता चार्टवर १२०/८० लिहिलं, विचारल्यावर कबूल केलं' असं.

९. तुमचा स्वतःचा सराव

अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडलं की 'मला हे जमेल' ही भावना चार वाटांनी येते: स्वतः केलेलं जमणं, आपल्यासारख्या दुसऱ्याला जमताना बघणं, विश्वासाच्या माणसाने सांगणं, आणि त्या क्षणी शरीर किती शांत आहे ते. नव्या इन्स्ट्रक्टरांना तयार करताना मी याच चार वाटा धरते.

आधी मायक्रोटीचिंग करा. चार-पाच सहकारी विद्यार्थी बनतात, तुम्ही पाच-सात मिनिटं फक्त एक कौशल्य दाखवता. उदाहरणार्थ, प्रश्न विचारून थांबणं. मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि बघा. स्वतःला बघताना कसंसंच होतं, तरी बघा.

मग दुसऱ्या इन्स्ट्रक्टरच्या मागे एक सकाळ नुसतं फिरा. शक्यतो तुमच्याहून थोडाच पुढे असलेला निवडा. वीस वर्षांच्या अनुभवी मॅडमना बघून पुष्कळदा उलटंच होतं, आपल्याला हे कधी जमणार असं वाटतं.

मग त्याला तुमच्या पोस्टिंगला बोलवा. आधीच सांगा, कशाकडे बघायचं: "मी किती वेळा स्वतःच उत्तर देते, ते मोज." सगळ्यावर मत मागितलं तर "छान घेतलंस" एवढंच मिळतं. प्राचार्यांना बोलावू नका, निदान सुरुवातीला. मूल्यमापन आणि मदत एकाच माणसाकडून एकाच वेळी घेता येत नाही.

डायरी रोज: आज काय जमलं, काय विचारलं गेलं जे मला आलं नाही. न आलेल्या प्रश्नाला "मला आत्ता आठवत नाही, दोघी बघू आणि उद्या तू सगळ्यांना सांग" हे उत्तर पूर्ण पुरेसं आहे. फक्त उद्या खरंच विचारा. थाप मारलीत तर मुलं त्याच रात्री गुगल करतात.

ज्येष्ठ इन्स्ट्रक्टर हो, तुम्ही नव्यांना तयार करत असाल तर त्यांना पहिल्याच आठवड्यात आयसीयूची बॅच देऊ नका. आधी त्यांनी जिथे नोकरी केली तो विभाग द्या. हात तिथे स्थिर असतो, म्हणून लक्ष शिकवण्यावर राहतं.

१०. पुढची कागदपत्रं

आरोग्य विद्यापीठाची शिक्षणतंत्राची मूलभूत कार्यशाळा करून घ्या. नाव नोंदवायला कॉलेजकडून पत्र लागतं, ते वेळेत मागा. सीएनईची (नर्सेससाठीच्या निरंतर शिक्षणाची) प्रत्येक उपस्थिती क्रेडिट तासांसकट प्रमाणपत्राच्या रूपात घ्या. "नंतर मेल करू" म्हणणाऱ्यांचा मेल येत नाही. सगळी प्रमाणपत्रं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये तारखेने लावा, कारण परिषदेच्या नोंदणी नूतनीकरणाला ती लागतात आणि कॉलेजच्या तपासणीला मूळ प्रती ऐनवेळी मागतात. नूतनीकरणाची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये तीन महिने आधीची टाकून ठेवा.